पाना कुणाच्या हातात?

पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरानं कसलेल्या शेतावर ५०-६० वर्षांचा ट्रॅक्टर अजून नांगर ओढताना दिसला, की बघणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एका तटाला गहिवरून येतं. आजोबांनी घेतलेलं यंत्र, डिझेलचा वास, उडालेल्या रंगाखालचं लोखंड, मातीशी नातं. दुसऱ्या तटाला त्यात निव्वळ हट्ट दिसतो. उपग्रहाच्या इशाऱ्यावर सरळ रेषेत पेरणी होण्याच्या काळात ही माणसं जुन्या लोखंडाला कवटाळून का बसली आहेत, असा त्यांचा सवाल. मग एकीकडून 'प्रगती' येते, दुसरीकडून 'वारसा' येतो, आणि ज्याला उद्या सकाळी तो ट्रॅक्टर चालू करायचा आहे त्याला दोघांपैकी कुणीच काही विचारत नाही. या वादात दोन्ही बाजूंची चूक एकच आहे असं मला वाटतं. जुना ट्रॅक्टर ठेवणं हा भावनेचा मामला आहे, हे दोघांनीही धरूनच चाललंय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. घरच्या माणसांनी कसलेल्या शेतावर जुना, उघडता येणारा, घरीच दुरुस्त होणारा ट्रॅक्टर कामात ठेवणं हा बहुतेक वेळा पूर्ण हिशेबी निर्णय असतो. तो जिथे चुकतो, तिथे हिशेब सोडून भावनेच्या मागे गेल्यामुळे चुकतो. आणि यंत्राच्या वयावर आपण जेवढं बोलतो, त्याच्या निम्मं जरी 'बिघडल्यावर पाना कुणाच्या हातात असतो' या प्रश्नावर बोललो असतो, तर हा वाद बराच पुढे गेला असता.

आधी हिशेब. जगातल्या दर सहापैकी पाच शेतांचं क्षेत्र २ हेक्टरपेक्षा कमी आहे. त्यांच्याहून मोठ्या पण घरच्याच मनुष्यबळावर चालणाऱ्या शेतांवरही ट्रॅक्टर वर्षाचा बराचसा काळ शेडमध्ये उभा असतो. मशागतीचे काही दिवस, पेरणीचे काही, काढणीचे काही, मधे वाहतूक. ज्या कंपनीचं यंत्र वर्षाला हजार-दीड हजार तास चालतं तिच्यासाठी नवं यंत्र स्वस्त पडतं, कारण त्याची किंमत त्या तासांवर वाटली जाते. जिथे ते दोन-तीनशे तासच चालतं, तिथे तीच किंमत दर तासाच्या छातीवर बसते. हप्ता मात्र तास बघून येत नाही. पाऊस हुकला, भाव पडला, घरात आजारपण आलं, तरी हप्त्याची तारीख तीच. ज्या ट्रॅक्टरचं कर्ज एका पिढीपूर्वी फिटलंय, तो वाईट वर्षी शेडमध्ये उभा राहिला तरी घराला ओरबाडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या शेतांकडे नीट पाहा. चांगल्या वर्षी त्यांनी किती कमावलं यापेक्षा वाईट वर्षी त्यांच्या डोक्यावर किती देणं नव्हतं, याच्यामुळे ती टिकलेली असतात.

यावर कुणी म्हणेल, जुनं यंत्र बिघडतं त्याचं काय? बिघडतं. नवंही बिघडतं. फरक बिघडल्यानंतरच्या तासाभरात कळतो. मागच्या हंगामात पुतणीनं आमच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरची टाकी पार कोरडी होईपर्यंत चालवली. डिझेल पुन्हा भरलं, पण लाइननं हवा घेतली होती. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ आली. मी तिच्या हातात दोन पाने आणि एक चिंधी दिली. टाकीचा कॉक उघडला. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दीड आटा सैल केला आणि फीड पंपाची छोटी दांडी अंगठ्यानं मारायला सुरुवात केली. आधी फेस आला. मग फुरफुरत बुडबुडे. मग बुडबुडे विरळ झाले आणि डिझेलची सलग धार लागली, तसा स्क्रू आवळला. पुढे हाच प्रकार इंजेक्शन पंपावर. शेवटी तिन्ही नॉझलचे नट एकेक करून सैल केले आणि सेल्फ मारला. पहिला नट आवळल्यावर इंजिननं एकदा ठोका दिला, दुसरा आवळल्यावर लंगडत चालू झालं, तिसरा आवळला तेव्हा आवाज भरला. पाऊण तास गेला. या पाऊण तासात १९ वर्षांच्या मुलीला डिझेल इंजिनाचं अर्धं शास्त्र कळलं, कारण ते तिच्या बोटांवरून वाहत होतं.

त्या ट्रॅक्टरची एक वही शेडमधल्या खिळ्याला टांगलेली आहे. तेल बदलल्याच्या तारखा, फिल्टर, क्लच प्लेट, बेअरिंग, सगळं त्यात आहे. आजोबांच्या अक्षरात एक ओळ आहे: 'पंख्याच्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा. जोर लावू नये.' त्याखाली २० वर्षांनंतरची तारीख घालून वडिलांच्या अक्षरात: 'जोर लावला. स्टड तुटला. नवा बसवला.' अशी वही किती किमतीची असते? कुठल्याही ताळेबंदात तिला जागा नाही. पण यंत्र बदललं की ती वही त्याच दिवशी रद्दी होते, हे नवं यंत्र घेणाऱ्यांनी हिशेबात धरायला हवं. आणि नव्या यंत्राची अशी वही घरात सुरूच होऊ शकत नसेल, त्याच्या बिघाडाची नोंद कंपनीच्या संगणकात आणि अर्थ कंपनीच्या माणसाला ठाऊक असेल, तर तोही एक खर्चच आहे. तो दरपत्रकात छापलेला नसतो, एवढंच.

'घोड्यांची बाजू घेणारेही असंच बोलायचे,' हा टोमणा मी अनेकदा ऐकलाय. टोमणा बिनबुडाचा नाही. अमेरिकेत १९१९ मध्ये हॉर्स असोसिएशन ऑफ अमेरिका नावाची संघटनाच उभी राहिली होती, शेतावर आणि रस्त्यावर घोडा टिकावा म्हणून. त्यांचे मुद्दे माझ्या मुद्द्यांशी मिळतेजुळते वाटावेत असेच होते. घोडा शेतातच पिकलेलं खातो, आपली पुढची पिढी आपणच देतो, त्याला बाहेरून इंधन आणावं लागत नाही. ते हरले, आणि हरायला हवेच होते. घोड्याच्या चाऱ्यासाठी मोठी जमीन अडकत होती, आणि ट्रॅक्टर जे काम दिवसात उरकत होता त्याला जोडीला कित्येक दिवस लागत. अमेरिकेतल्या शेतांवर ट्रॅक्टरांची संख्या घोडे आणि खेचरं यांच्यापुढे गेली ती १९५० च्या दशकाच्या मध्यावर. म्हणजे हा बदल व्हायला साडेतीन दशकं लागली. का लागली? शेतकरी अडाणी होता म्हणून? सुरुवातीचे बरेच ट्रॅक्टर फसवे होते म्हणून.

त्याच १९१९ सालची दुसरी गोष्ट या टोमण्याला खरं उत्तर देते. नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझर नावाच्या शेतकऱ्यानं 'फोर्ड' असं नाव लावलेला एक ट्रॅक्टर घेतला होता. हेन्री फोर्डशी त्याचा काही संबंध नव्हता. नावाचा फायदा उठवायला काढलेली ती वेगळीच कंपनी होती. यंत्र जाहिरातीतलं काम करेना. नंतर घेतलेल्या दुसऱ्यानंही निराशाच केली. क्रोझर पुढे राज्याच्या विधिमंडळात होता, आणि त्याच्या पुढाकारानं १९१९ मध्ये नेब्रास्काचा ट्रॅक्टर चाचणी कायदा आला. राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर आधी विद्यापीठात त्याची चाचणी होणार, कंपनीचा दावा आणि मोजलेली शक्ती यांची तुलना प्रसिद्ध होणार. हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. कायद्याचा दुसरा भाग कमी सांगितला जातो: कंपनीनं राज्यात सुट्या भागांचा साठा आणि सेवाकेंद्र ठेवायचं, नाहीतर विक्री नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, ट्रॅक्टर नवा असतानाच, शेतकऱ्यांनी ओळखलं होतं की यंत्राची खरी परीक्षा विक्रीच्या दिवशी होत नाही. घोडा हरला तो दुरुस्त करता येणाऱ्या, मोजून पाहिलेल्या, भाग मिळणाऱ्या ट्रॅक्टरसमोर. आज मी ज्याची बाजू घेतोय तो हाच ट्रॅक्टर आहे.

जुन्या ट्रॅक्टरात नेमकं काय टिकलं, हेही बघायला हवं. हॅरी फर्ग्युसन या उत्तर आयर्लंडच्या माणसानं नांगर मागे दोरखंडासारखा ओढत न्यायच्या ऐवजी तीन सांध्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला आणि हायड्रॉलिकनं त्याची खोली सांभाळली. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी त्याचा नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला, १९३९ मध्ये ती जोडणी घेऊन फोर्डचा ९एन बाजारात आला. पुढे करार फिसकटला, मोठा खटला झाला, तो १९५२ मध्ये मिटला. पण १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या कारखान्यातून फर्ग्युसनचे टीई-२० जातीचे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बाहेर पडले, आणि ती तीन सांध्यांची जोडणी साऱ्या जगाचं प्रमाण झाली. आज विकत घेतलेलं अवजार, आकाराचा गट आणि ओढायची ताकद जुळत असेल तर, ६० वर्षांच्या ट्रॅक्टरमागे बसतं ते याचमुळे. पीटीओचे, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याचे, मिनिटाला ५४० फेरे हे प्रमाणही तसंच जुनं. मॅसी फर्ग्युसन कंपनीच्या ३५ आणि १३५ या मॉडेलांचे आराखडे तर युगोस्लाव्हियातल्या आयएमटीपासून पाकिस्तानातल्या मिल्लत आणि भारतातल्या टॅफेपर्यंत अनेक कारखान्यांनी दशकानुदशकं वापरले. त्या घराण्यातल्या यंत्रांचे पिस्टन, लायनर, रिंगा, गॅसकेट आजही मिळतात. जुन्या यंत्राला भाग मिळत नाहीत हा समज सरसकट खरा नाही. ज्यांची संख्या मोठी होती आणि ज्यांचं प्रमाण खुलं होतं, त्यांचे मिळतात. अडतात ते एकेकटे, हौशीनं आणलेले, कुणी फारसे न घेतलेले. कुणाचा असा ट्रॅक्टर असेल तर त्याला माझा सल्ला वेगळा आहे: तो जपा, पण पेरणी त्याच्यावर सोडू नका.

आता समोरच्यांच्या सर्वांत जड मुद्द्याकडे येतो. जुना ट्रॅक्टर माणूस मारतो. या वाक्याला मी कुठलीही पळवाट काढणार नाही. फोर्डच्या आधीच्या 'फोर्डसन' ट्रॅक्टरची तर मागच्या मागे उलटण्याबद्दल कुप्रसिद्धीच होती. नांगर दगडाला अडला आणि मागची चाकं फिरेनात की इंजिन सगळी ताकद लावून ट्रॅक्टरचं नाकच वर उचलायचं, आणि चालक खाली जायचा. फर्ग्युसनच्या जोडणीनं हे बरंच आटोक्यात आणलं, कारण नांगराचा जोर वरच्या दांडीतून पुढे ढकलला जातो आणि पुढची चाकं जमिनीवर दाबली जातात. पण नांगराऐवजी कुणी साखळी वरच्या सांध्याला बांधून झाडाचं खोड ओढायला गेलं, तर तोच ट्रॅक्टर तसाच उलटतो. परत न फिरण्याच्या टप्प्यापर्यंत जायला त्याला जेमतेम पाऊण सेकंद लागतो. बाजूला कलंडणं तर उतारावर, बांधावर, चराच्या कडेला केव्हाही होतं. पाऊण सेकंदात अनुभव कामाला येत नाही. ४० वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूसही मरतो, आणि 'आमच्या घरात आजवर काही झालं नाही' हे वाक्य प्रत्येक अपघाताच्या आदल्या दिवशीही खरंच असतं.

पण या मुद्द्याचा निष्कर्ष 'म्हणून भंगारात काढा' असा कसा निघतो? स्वीडननं १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची केली, आणि पुढे जुन्या ट्रॅक्टरांनाही ती लागू केली. दोन-तीन दशकांत तिथले उलटून होणारे मृत्यू जवळजवळ शून्यावर आले. यंत्रं बदलली म्हणून ते घडलं असं म्हणता येणार नाही; माणसाच्या डोक्यावर पोलादाची कमान आली म्हणून घडलं. बऱ्याच प्रचलित जुन्या मॉडेलांना अशी चाचणी केलेली कमान बसवता येते. ती घरी वेल्डिंग करून बनवायची वस्तू नाही, आणि तिच्यासोबत सीटचा पट्टा लावला नाही तर ती अर्धीच. पट्टा न लावता कमानीचा ट्रॅक्टर उलटला तर माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच कमान त्याच्यावर येते. उलट, कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा कधीच लावायचा नसतो. हे सगळं सांगायला जुन्या यंत्रांच्या प्रेमी मंडळींनी सर्वांत पुढे असायला हवं होतं. ते नाहीत, याची मला खंत आहे. कमानीनं ट्रॅक्टरचं 'मूळ रूप' बिघडतं असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. मिरवणुकीत उभा करायचा असेल तर मूळ रूप ठेवावं. कामाच्या ट्रॅक्टरला कमान नसेल, पीटीओच्या शाफ्टवर गार्ड नसेल, तर त्याची बाजू घ्यायला मी येणार नाही. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. बाहीचं टोक त्यात गेलं तर हात मागे ओढायला वेळच उरत नाही.

शरीराची झीज हा याच मुद्द्याचा हळू चालणारा भाग. केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि आठ तासांच्या कामाला ८५ ही मर्यादा मानली जाते. माझ्या वडिलांना आता उजव्या कानानं कमी ऐकू येतं. ते आयुष्यभर मागच्या अवजाराकडे बघत एकाच बाजूला मान वळवून बसले आणि धुराड्याची बाजू त्या कानाला राहिली. हे नुकसान कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही. कानाला लावायचे मफ त्यांच्या तरुणपणीही मिळत होते. जुन्या क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, तरी कित्येक जण आजही ड्रम उघडून हवेच्या नळीनं ती धूळ उडवतात. ओल्या फडक्यानं पुसायची ती धूळ. यंत्र जुनं ठेवायचं तर त्याचे धोके नव्या ज्ञानानं हाताळायचे, ही अट त्या निर्णयातच येते.

धुराबद्दलचा आक्षेपही खरा आहे. शेतीच्या यंत्रांच्या धुरावर अमेरिकेत १९९६ पासून टप्प्याटप्प्यानं मर्यादा आल्या, युरोपात पाचवा टप्पा २०१९ पासून लागू झाला. आजच्या इंजिनातून बाहेर पडणारे काजळीचे कण मर्यादा येण्याआधीच्या इंजिनाच्या दहा टक्क्यांहूनही कमी असतात. वर्षाला हजार तास चालणारं यंत्र कुणी जुनं ठेवत असेल, तर त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही. पण धूर तासांनी गुणायचा असतो. दोनशे तास चालणारा ट्रॅक्टर बदलला तर नव्याच्या पोलादाचा, ओतकामाचा, वाहतुकीचा भार त्या दोनशे तासांवर येतो. आणि जुना कुठे जातो? तो नाहीसा होत नाही. तो विकला जातो, आणि बहुधा जास्त तास, कमी निगा या दिशेनं जातो. शिवाय जुन्या इंजिनाचा काळाकुट्ट धूर वयामुळे येतो असं समजणं चूक आहे. गुदमरलेला एअर क्लीनर, घासलेली नॉझलं, बिघडलेला टायमिंग ही त्याची नेहमीची कारणं, आणि तिन्हींवर एका दिवसात इलाज होतो. वजनाचा मुद्दा तर कुणी काढतच नाही. टीई-२० चं वजन साधारण ११०० किलो. धान्यानं भरलेल्या कंबाइन हार्वेस्टरचं वजन १९५८ मध्ये चार टनांच्या आसपास होतं, २०२० पर्यंत ३६ टनांपर्यंत गेलं. इतक्या भाराखाली नांगराच्या तळाखालची माती दाबली गेली, की ती सैल करायला पुन्हा कुठलाच नांगर तिथवर पोचत नाही. धूर मोजायचा तर मातीही मोजा.

नव्या यंत्रांना माझा विरोध नाही, हे इथे सांगायला हवं, कारण प्रत्येक वेळी तसाच अर्थ काढला जातो. सरळ रेषेत पेरणी, खताची नेमकी मात्रा, चालकाच्या पाठीला आराम हे खरे फायदे आहेत. माझा विरोध सॉफ्टवेअरच्या कुलपाला आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीनं लेखी मांडणी केली होती की यंत्रातल्या सॉफ्टवेअरचा मालक शेतकरी नसतो, त्याच्याकडे यंत्राच्या आयुष्यभरापुरता वापराचा परवाना असतो. दुरुस्तीसाठी ते कुलूप उघडायला कार्यालयानं त्याच वर्षी सूट दिली, पण सूट मिळाली म्हणून किल्ली मिळत नाही. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेशी सामंजस्य करार केला. कोलोरॅडो राज्यानं त्यावर विसंबून न राहता शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय व्यापार आयोगानं दुरुस्तीवरच्या मक्तेदारीबद्दल कंपनीवर खटला भरला. २०२२ मध्ये युक्रेनच्या मेलितोपोलमधून पळवून नेलेली शेतीयंत्रं दूरवरूनच बंद पाडली गेली, तेव्हा जगानं टाळ्या वाजवल्या. चोराविरुद्ध ते बरोबरच होतं. पण शेतात उभं असलेलं यंत्र शेतापासून हजार मैलांवरून कुणीतरी थांबवू शकतं, हे त्या दिवशी प्रत्येक मालकानंही ऐकलं. मे २०२४ च्या सौर वादळात उपग्रहांचे इशारे विस्कटले आणि अमेरिकेत ऐन पेरणीत कित्येकांना थांबावं लागलं. ते दोन-तीन दिवसांत सावरलं. मी त्याला आपत्ती म्हणणार नाही. पण पेरणीचे दोन-तीन दिवस म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

कुलपाच्या बाजूनं एक बरा युक्तिवाद आहे: उघडं ठेवलं तर लोक धुराचे फिल्टरच काढून टाकतील. काही जण काढतीलही. पण बिघाडाचा संकेत वाचणं आणि धुराची यंत्रणा निकामी करणं ही दोन वेगळी कृत्यं आहेत. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक मोटारीला एकाच पद्धतीचं निदानाचं सॉकेट सक्तीचं आहे. साध्या उपकरणानं कुणीही आपल्या गाडीचा दोष वाचू शकतो. त्यातून धुराचे नियम कोलमडले का? जे मोटारीला चाललं ते ट्रॅक्टरला का चालू नये?

ट्रकबद्दल मात्र मी इतका ठाम नाही, किंबहुना उलट बाजूला ठाम आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या जोडीला बहुतेक घरांत एक जुना ट्रकही असतो, आणि दोघांना एकाच प्रेमानं सांभाळलं जातं. बॉनेट उचलून आत उभं राहता येईल एवढी जागा असलेले ते ट्रक मलाही फार आवडतात. पण १९६० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेकचं एकच सर्किट असायचं. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पेडल जमिनीला टेकतं आणि पायाखाली काहीच नसतं. शेतातल्या शेतात, पहिल्या गिअरमध्ये, गवताच्या पेंढ्या नेताना याची जोखीम माझी एकट्याची असते. सार्वजनिक रस्त्यावर माल भरून उतरताना ती समोरून येणाऱ्या प्रत्येकाची होते, आणि त्यानं माझ्या आजोबांच्या आठवणीला मान्यता दिलेली नसते. म्हणून आमचा ट्रक फाटकाबाहेर जात नाही. ज्यांना रस्त्यावर न्यायचाच आहे त्यांनी आधी दोन सर्किटचं ब्रेक सिलिंडर बसवावं, आणि तरीही भार निम्मा ठेवावा.

आणि एक गोष्ट घराच्या आतली. जुना ट्रॅक्टर ठेवायचा की नाही, हे घरात कोण ठरवतं? अनेक घरांत तो वडिलांचा हट्ट असतो आणि दुरुस्तीचे तास मुलाचे, सुनेचे, पुतण्यांचे जातात. ते तास कुणी मोजत नाही, म्हणून ट्रॅक्टर स्वस्त वाटतो. जुन्या यंत्रांवर टीका करणाऱ्यांनी हा मुद्दा काढायला हवा होता. ते 'मागासलेपणा' वर अडकून राहिले आणि हा हुकला. मी स्वतः वहीत आता तेलाच्या तारखेसोबत लागलेले तासही लिहितो, आणि कुणी लावले तेही. मागच्या वर्षी एकट्या क्लचच्या कामाला चार माणसांचे मिळून ३१ तास गेले. ते मजुरीच्या दरानं धरूनही आमचा ट्रॅक्टर परवडतो, पण आधी वाटत होता तेवढा नाही. ज्याच्या घरी हा आकडा उलटा येईल त्यानं तो ट्रॅक्टर द्यावा. ज्याला पाना धरायची इच्छाच नाही त्याच्या गळ्यात तो बांधू नये.

आमच्याकडे हा निर्णय आता पुतणीकडे चाललाय. कमान बसवायचा आग्रह तिचाच होता. ती म्हणाली, काका, कमान नसेल तर मी बसणार नाही. ती बसवली, पट्टाही आला. शेजारची जमीन कसायला मिळाली तर एका ट्रॅक्टरवर भागणार नाही, म्हणून परवा ती एका विक्रेत्याकडे नवा बघायला गेली होती. केबिन तिला आवडली. अश्वशक्ती, हप्ते, सवलती हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं. तिनं विचारलं की दुरुस्तीचं पूर्ण पुस्तक सोबत मिळेल का, आणि बिघाडाचा संकेत आम्हाला घरी वाचता येईल का. वरिष्ठांना विचारून कळवतो, असं तो म्हणाला. अजून कळवलेलं नाही, आणि तिनंही अजून आगाऊ रक्कम भरलेली नाही.